शिफर उतरवला तो रविवार

बिश्केक शहराच्या कडेच्या वस्त्यांत अंगणातल्या मागच्या खोलीला 'तात्पुरती' म्हणतात. मोठं घर बांधून होईतोवर मालकानं तिच्यात दिवस काढायचे आणि पुढे तिथे कोळसा-बटाटे ठेवायचे, असा मूळ बेत. प्रत्यक्षात मोठं घर उभं राहतं, मालक तिकडे जातो आणि बटाट्यांच्या जागी भाडेकरू येतात. मग खोलीचं नाव तेवढं तात्पुरती राहतं. बुरुलचा सपारबायच्या तात्पुरतीत राहायला आली तेव्हा कुंदुझ पोटात होती. आता कुंदुझचे पुढचे दोन दात पडले होते आणि येत्या शरदात तिचं नाव शाळेत घालायचं होतं.

नवरा रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. बुरुलचाने काही दिवस रडून घेतलं. मग माहेरी कोचकोरला जाऊन आईचं शिवणयंत्र उचलून आणलं आणि गाद्या शिवायला बसली. लोकर भरलेल्या, मखमली कडांच्या गाद्या, मुलीबरोबर सासरी पाठवतात तशा. तिचा हात इतका सफाईचा की वस्तीतल्या निम्म्या नवऱ्या मुली तिच्या गाद्या घेऊन नांदायला गेल्या. त्यांच्या लग्नाची बोलावणी मात्र तिला कधी आली नाहीत. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. भाडेकरू आज आहे, उद्या नाही, त्याला कुठे बोलावत बसायचं, एवढाच विचार. आणि खरं सांगायचं तर असल्या साध्या विचारानंच माणूस जास्त दुखावतो.

बुरुलचा हे मनावर घेत नसे, निदान तसं दाखवत नसे. भाडेकरूला चार कान असावेत आणि अर्धं तोंड, असं ती म्हणायची. छप्पर गळलं तर ती खाली घमेलं ठेवायची. धुराड्यापाशी पत्र्याचा कोपरा तडकला तर तिथे चिंधी कोंबायची. मालकाकडे तक्रार म्हणून कधी गेली नाही. कागदावर करार नव्हता. सपारबायच्या तोंडचा शब्द हाच करार, आणि तोंड कधी फिरेल याचा काय नेम!

तसा सपारबाय माणूस सोन्यासारखा. जन्मभर ट्रॉलीबस चालवून निवृत्त झाला होता, पण आवाज अजून बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच. दान करायचा तेही डांगोरा पिटून. त्याची बायको उमसुनाय तोंडानं तिखट. कुंदुझला रोज काहीतरी खायला द्यायची आणि वर म्हणायची, "खा गं बाई, तुझ्या आईला गाद्यांतून सवड कुठे!"

त्या वर्षी एप्रिलात सपारबायच्या मुलाचं लग्न ठरलं. सून यायची म्हणजे जुनं छप्पर शोभणार नव्हतं. शिफर काढून लाल रंगाचे चकचकीत लोखंडी पत्रे घालायचं ठरलं. शिफर म्हणजे करडे, नालीदार, सिमेंटचे पत्रे. आपल्या या वस्तीत असं एक घर दाखवा ज्यावर ते नाहीत! कामाला मजूर लावायचा प्रश्नच नव्हता, सपारबायने अशार पुकारला. अशाराला अख्खी गल्ली येते, कुणी पैसा घेत नाही, दिवसभर राबतात आणि संध्याकाळी यजमानाच्या कढईतला पुलाव खाऊन घरी जातात.

गुरुवारी सकाळी सपारबाय बुरुलचाच्या दारात येऊन उभा राहिला. पायाखाली चिखल पचपचत होता.

"बुरुलचा, हा चिखल बघितलास?"

"सात वर्षं बघतेय, बाइके." थोरला भाऊ समजून ती त्याला बाइके म्हणायची.

"आता बघायचा नाही! रविवारी शिफर खाली येईल. हातोड्यानं बारीक फोडायचा आणि तुझ्या दारापासून फाटकापर्यंत मस्त रस्ता करून द्यायचा. गल्लीत सगळ्यांना सांगून आलोय. सपारबायचा भाडेकरूसुद्धा कोरड्या पायानं चालतो, म्हणतील लोक!"

बुरुलचाच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या वर्षांत त्या घराचं काही तिच्यासाठी म्हणून होणार होतं ते हे पहिलंच. तिने त्याला बळेबळे आत बसवून चहा पाजला. कोंबड्यांच्या खुराड्यावरचे चार पत्रे त्याने रंगीत तालीम म्हणून आधीच उतरवले होते, आणि गल्लीतली पोरं त्यांचे तुकडे पालापाचोळ्याच्या जाळात टाकत होती. शिफर तापला की फटाक्यासारखा फुटतो. हा खेळ इथल्या पोरांना कुणी शिकवावा लागत नाही, त्यांच्या बापांनीही तोच खेळलेला असतो. कुंदुझ दर आवाजाला कानांवर हात ठेवून किंचाळायची आणि पुन्हा तुकडा आणायला पळायची.

संध्याकाळी एर्मेकचा फोन आला. एर्मेक बुरुलचाचा धाकटा भाऊ, कोरियात जुनी घरं पाडायच्या कामावर होता. फोनवर चेहरे दिसत होते. बुरुलचाने हौसेनं फोन फिरवून त्याला अंगण दाखवलं, रस्ता कुठून कुठे जाणार ते दाखवलं, जाळाभोवती नाचणारी कुंदुझ दाखवली.

"एजे," एर्मेक म्हणाला. मोठ्या बहिणीला तो एरवी चिडवल्याशिवाय हाक मारत नसे. "पोरीला तिथून उचल."

"का रे? लांब उभी आहे ती."

"एजे, आधी उचल! मग बोल."

तिने कुंदुझला आत आणलं. एर्मेक बोलू लागला. शिफरमध्ये सिमेंटच्या पोटात एक तंतू असतो, ॲस्बेस्टॉस. लोकरीच्या तंतूहून कितीतरी बारीक, डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. पत्रा छपरावर अख्खा पडून असला तर फारसा त्रास देत नाही. फोडला, कापला, घासला, कोरडाच झाडला, की ते तंतू उडतात आणि छातीत जाऊन बसतात. बसतात ते उठत नाहीत. वीस-तीस वर्षांनी फुप्फुस आवळतं, कुणाला कर्करोग होतो.

"इथे असलं छप्पर काढायला आम्ही कसे जातो माहीत आहे? डोक्यापासून पायापर्यंत पांढरा अंगरखा, तोंडावर गाळणीचा मास्क. चंद्रावर निघाल्यासारखे! पत्रा आधी भिजवायचा, खिळा अलगद काढायचा, अख्खाच्या अख्खा खाली घ्यायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. एक तुकडा पडला तर मुकादम आमच्या सात पिढ्या काढतो. आणि तुम्ही त्याचा रस्ता करताय? त्या रस्त्यावर कुंदुझ रोज खेळणार. प्रत्येक पावलाला तो झिजणार."

"पण आपण सगळे शिफरखालीच वाढलो ना रे?"

"वाढलो. आबांचा खोकला आठवतो तुला? मला माहीत नाही तो कशाचा होता. तुलाही माहीत नाही. पण पोरीच्या बाबतीत असं 'माहीत नाही' म्हणून सोडून देणार आहेस का?"

बुरुलचाने फोन ठेवला. सकाळी ज्या देणगीनं डोळ्यांत पाणी आलं होतं, तीच आता दाराशी येऊन बसणार होती. नको म्हणावं तर मालकाचा अपमान, तोही साऱ्या गल्लीत सांगून झाल्यावर. हो म्हणावं तर पोरगी.

दुसऱ्या दिवशी तिने उमसुनायपाशी विषय काढला. उमसुनाय कणीक मळत होती, तिने मान वर केली नाही.

"माझा सासरा याच छपराखाली नव्वदीला टेकला. मेला तोसुद्धा घोड्यावरून पडून."

"एजे, फोडलेल्या पत्र्याचं सांगतोय एर्मेक. अख्ख्याचं नाही."

"तुझ्या भावाला कोरियात काय, सगळंच विषारी दिसेल. तिकडे म्हणे पाणीसुद्धा बाटलीतून पितात." मग कणकेवर मूठ मारून ती थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, तुझं बरं व्हावं म्हणून सांगते. त्याने गल्लीभर शब्द दिलाय. लग्नघर आहे. अशा वेळी त्याचं नाक कापू नकोस. सून येणार, आम्हालाही जागा लागणारच आहे. त्याच्या डोक्यात नसलेलं काही तू घालू नकोस."

धमकी नव्हती ती, पण धमकीची सख्खी बहीण होती. बुरुलचा घरी आली. दुपारी बांधकाम बाजारात जाऊन तिने गाळणीचे दोन चांगले मास्क आणले, एक मोठा आणि एक त्यातल्या त्यात लहान. दोनच. रविवारी सकाळीच कुंदुझला घेऊन एका ओळखीच्या बाईकडे निघून जायचं, असं तिने ठरवलं. भांडण नको, तंटा नको. अर्धं तोंड होतं तेही तिने मिटून घेतलं.

रविवार उजाडला तो लखलखीत, कोरडा, वाऱ्याचा. सगळी गल्ली लोटली होती. पुरुष छपरावर, बाया गाजरं चिरायला, पोरं सगळ्यांच्या पायात. बुरुलचा कुंदुझचा हात धरून फाटकापर्यंत पोचली आणि मागे पहिला पत्रा पडला. छपरावरून दोघांनी झोका देऊन फेकला होता. धाडकन आवाज झाला, करडा ढग उठला, सगळे 'हुर्रे' म्हणून ओरडले. पोरं ढगात शिरली, तुकडे वेचायला.

"अपा, मी पण!" कुंदुझ आईचा हात ओढू लागली.

बुरुलचा फाटकात उभी राहिली. आजचा दिवस टळेल. उद्या परत यायचं ते त्याच रस्त्यावरून. रविवार चुकवता येतो, रस्ता कसा चुकवणार? आणि ही बाकीची पोरं? त्यातल्या तिघींच्या आयांसाठी तिने गाद्या शिवल्या होत्या. तिला स्वतःचाच राग आला. दोनच मास्क आणले होते, हे आठवून तर जास्तच.

तिने कुंदुझला पलीकडच्या घरात ढकललं, दार लावून घ्यायला सांगितलं, आणि पोरांवर अशी ओरडली की गाजरं चिरणाऱ्या बायाही दचकल्या. पोरं पांगली. मग तिने भाजीच्या वाफ्यातला पाण्याचा पाइप उचलला, नळ पुरता सोडला आणि धार सरळ छपरावर धरली.

एप्रिलातलं पाणी, डोंगरातल्या बर्फाचं. वरचे चौघे बोंबलत उठले. सपारबाय शिडीच्या वरच्या पायरीवर होता, तो टोपीपासून बुटापर्यंत भिजला.

"कोण ते? कोणाला वेड लागलंय?"

"मी, बाइके!"

"भाडेकरू माझ्या छपरावर पाणी मारतेय? माझ्या अशारात?" तो शिडी उतरून खाली आला. उमसुनायने कपाळावर हात मारला.

बुरुलचाने पाइप सोडला नाही. "बाइके, लोकर झोडताना आपल्या बाया तोंडाला रुमाल का बांधतात? नमदा लाटायच्या आधी लोकरीवर पाणी का शिंपडतात? ओला तंतू उडत नाही म्हणून. या पत्र्याच्या पोटातही तंतू आहे. लोकरीचा आपण शिंकून टाकतो, हा छातीत राहतो. माझा भाऊ हेच पत्रे काढतो कोरियात, हवं तर त्याला विचारा."

"भाऊ गेला खड्ड्यात! मी तुझ्यासाठी रस्ता करतोय आणि तू..."

"मला नको तो रस्ता." हे वाक्य तोंडातून गेलं आणि तिला कळलं, खोली गेली. आता राखायचं काही उरलंच नाही म्हटल्यावर बाकीचं सोपं झालं. "मला हाकलायचं तर उद्या हाकला. पण बाइके, ही माणसं मजुरीवर आलेली नाहीत. तुमच्या शब्दावर आलीत. अजून वीस वर्षांनी यांतला एखादा खोकत बसला आणि त्याच्या बायकोनं विचारलं, हे कुठून घेऊन आलात, तर तो काय सांगेल? सपारबायच्या अशारातून?"

अशाराला आलेला माणूस धडधाकट घरी पोचवायचा, ही यजमानाची जबाबदारी. बोट कापलं तरी यजमान मान खाली घालतो. हे सपारबायला कुणी सांगायला नको होतं, आणि नेमकं तेच एका भाडेकरणीनं चारचौघांत सांगितलं होतं. त्याच्या मिशीवरून पाणी ठिबकत होतं. त्याने छपराकडे पाहिलं, फुटलेल्या पत्र्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं.

मग तो गर्रकन वळला आणि बसमधल्या जुन्या आवाजात गरजला, "पत्रा फेकायला कोणी सांगितलं रे तुम्हाला? गाढवांनो! नवी नवरी घोड्यावरून उतरवतात तसा उतरवा! आणि आधी भिजवा! कुणीतरी विचार करतंय का इथे माझ्याखेरीज?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर तो बिघडला असता. पण बुरुलचाने पाहिलं, उमसुनाय ओढणीत तोंड लपवून खांदे हलवत होती.

काम थांबलं. सपारबायचा मुलगा गाडी घेऊन मास्क आणायला गेला आणि तोवर बुरुलचाने एर्मेकला फोन लावून तो सपारबायच्या हातात दिला. दोघे बराच वेळ बोलले, म्हणजे बहुतेक वेळ सपारबायच बोलला. पोरांची रवानगी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला झाली, गाजरं आणि कढई शेजाऱ्याच्या अंगणात हलली. टोमॅटोच्या रोपांवर घालायला आणलेलं जाड प्लास्टिक प्रत्येक घरात होतंच. पाण्याच्या धारेखाली एकेक पत्रा सुटला, चार हातांवरून खाली आला, ओलाच प्लास्टिकमध्ये गुंडाळला गेला. फुटला होता तो फावड्यानं ओलाच गोळा करून दुहेरी पोत्यात भरला, आणि जमीन झाडायची नाही, पाणी मारून खरवडायची, यावर बुरुलचा कमरेवर हात ठेवून पहारा करत उभी राहिली. मास्क लावलेले म्हातारे एकमेकांना ओळखेनात. "अरे, हा दरोडेखोर आपल्यातला कोण?" अशी थट्टा सुरू झाली. काम दुपटीनं लांबलं. पण कुणी घरी गेलं नाही.

गुंडाळलेल्या पत्र्यांचं पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सपारबायने सोमवारी नगरपालिकेत विचारायचं ठरवलं. (त्याने विचारलं. तिथला माणूस म्हणाला, वर विचारून सांगतो. तो अजून विचारतोय. दर आठवड्याला सपारबाय त्याच्या टेबलापुढे जाऊन उभा राहतो, आणि तो आवाज किती दिवस सोसेल माणूस? जागा मिळेलच.)

अंधार पडायच्या आधी शेवटचा लाल पत्रा ठोकून झाला. सगळ्यांनी भिजलेले कपडे अंगणातच बदलले, हातपाय धुतले आणि शेजाऱ्याच्या अंगणात जेवायला अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसले. बुरुलचा किटली घेऊन चहा ओतत फिरत होती. दिवसभर सपारबाय तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. मनातल्या मनात ती सामान बांधत होती. शिवणयंत्र आधी, मग गाद्या. कुंदुझ शाळेला कुठून जाईल, याचाही विचार तिने केला. वाईट वाटत होतं, पण केलं ते चुकलं असं एकदाही वाटलं नाही.

"बुरुलचा!"

आलं, ती मनाशी म्हणाली. किटली तशीच हातात धरून उभी राहिली.

"तुझ्या खोलीवर काय आहे गं?"

"शिफरच आहे, बाइके."

"धड आहे?"

अर्धं तोंड मिटायला बघत होतं. तिने ते मिटू दिलं नाही. "धुराड्यापाशी तडकलाय. चिंधी कोंबून ठेवलीय. कुंदुझ झोपते तिथेच."

"कधीपासून?"

"तिसरं वर्ष."

"तिसरं वर्ष!" सपारबायने पुलावाचा घास ताटात परत टाकला. "माझ्या छपरावर पाणी मारायला तोंड उघडतं, आणि स्वतःच्या पोरीच्या डोक्यावरचा पत्रा फुटला तर चिंधी कोंबते! सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?"

"खाल्लंच असतंस," उमसुनाय म्हणाली, "पण सावकाश." आता मात्र सगळे पोट धरून हसले, आणि सपारबायलाही हसावं लागलं.

हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "लाल पत्रे उरलेत. तुझ्या खोलीपुरते आहेत. पण मी अशार पुकारणार नाही." बुरुलचाला काही कळेना. "अशार घरच्या माणसानं पुकारायचा असतो. ज्याचं घर, त्यानं. त्या खोलीत मी राहतो का? सगळे बसलेत समोर. पुकार."

गल्लीतल्या इतक्या चेहऱ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलेलं तिला आठवत नव्हतं. तिच्या गाद्या घरात असलेल्या बाया होत्या, मास्कचे वळ अजून गालांवर असलेले पुरुष होते. बोलावणं कसं करतात हे तिने शेकडो वेळा ऐकलं होतं, दुसऱ्यांच्या दारात, दुसऱ्यांसाठी.

"येत्या रविवारी," तिने सुरुवात केली तोच कुंदुझ धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली. तिने किटली खाली ठेवली.

"येत्या रविवारी माझ्या घरी अशार आहे. सगळ्यांनी यायचं."